दुकानातल्या वायफायवर कॅमेरा दिसतो, बाहेरून दिसत नाही: सेटिंगला हात लावण्याआधी वॅन आयपी बघा

बेळगावच्या उद्यमबागेतलं वर्कशॉप असो, निपाणीतलं तंबाखूचं गोदाम असो की खानापूर तालुक्यातली पोल्ट्री, तक्रार ठरलेली असते. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) बसवला, चारही कॅमेरे दुकानातल्या वायफायवर स्वच्छ दिसतात. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं (बाहेरून येणाऱ्याला डीव्हीआरची वाट दाखवली), डीडीएनएसचं नाव (आयपी पत्ता बदलला तरी तेच राहणारं नाव) घेतलं, तरी मालक कोल्हापूरला पोचला की मोबाईलवर ‘डिव्हाइस ऑफलाइन’. दुसरी तऱ्हा अशी, की आठ-दहा दिवस सगळं चालतं, एका रात्री लाईट जाऊन येते आणि सकाळपासून बंद.

अशा वेळी बहुतेक जण डीव्हीआर रिसेट करतात, पोर्टचे आकडे बदलून बघतात, शेवटी राउटर नवा घेतात. यातलं काहीही करण्याआधी दोन मिनिटांची एक तपासणी करा. पुढे काय करायचं ते तीच ठरवते.

(या लेखात आकडे देवनागरीत आहेत. राउटरच्या पानावर टाकताना इंग्रजी आकडेच टाकायचे.)

दोन मिनिटांची तपासणी

दुकानातल्या वायफायवर असताना मोबाईलचा डेटा बंद करा, व्हीपीएन असेल तर तेही बंद करा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता उघडा, बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. लॉगिन करून ‘स्टेटस’मध्ये जा आणि ‘वॅन’ (राउटरची इंटरनेटकडची बाजू) किंवा ‘इंटरनेट’ या नावाखाली जो आयपी अ‍ॅड्रेस दिसेल तो कागदावर लिहा. मग ‘माझा आयपी काय’ हे सांगणारी कुठलीही वेबसाइट उघडा आणि तिथे दिसणारा पत्ता त्याच्याखाली लिहा. वेबसाइटवर लांबलचक, अक्षरं आणि विसर्गासारखी दोन टिंबं असलेला पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६ आहे. तुलना त्याच्याशी करायची नाही, आयपीव्ही४चा चार आकड्यांचा पत्ता शोधायचा.

दोन्ही पत्ते अगदी सारखे असतील तर सार्वजनिक, म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारा, पत्ता तुमच्याच राउटरवर आहे. मग दोष दुकानातच कुठेतरी आहे आणि तो सापडतो.

वॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर बहुतेक वेळा तुमच्याच भिंतीवर दोन राउटर एकापाठोपाठ लागलेले आहेत.

वॅनवर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता असेल, तर इंटरनेट देणाऱ्याने स्वतःच्या यंत्रावर तुम्हाला इतर अनेक गिऱ्हाइकांबरोबर एका सार्वजनिक पत्त्याखाली घातलेलं आहे. याला सीजीनॅट म्हणतात. काही ऑपरेटर यासाठी १० ने सुरू होणारे, क्वचित १७२.१६ ते १७२.३१ मधलेही पत्ते वापरतात.

इथे दोन ठिकाणी गफलत होते. १७२.३२ आणि त्यापुढचा पत्ता खासगी (फक्त आतल्या जाळ्यात चालणारा) नसतो आणि १००.२० सारखा पत्ताही खासगी नसतो, तेव्हा दुसरा आकडा नीट वाचा. शिवाय मोबाईलवर टेलस्केल (एक व्हीपीएन अ‍ॅप) चालू असेल तर मोबाईलच्या सेटिंगमध्ये १००.६४च्याच पट्ट्यातला पत्ता दिसतो. तो टेलस्केलचा असतो, त्यावरून ऑपरेटरला जाब विचारू नका.

राउटरचा पासवर्ड कुणालाच आठवत नसेल तर दुसरी वाट आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर, वेबसाइटने दाखवलेला आपलाच सार्वजनिक पत्ता देऊन ‘ट्रेसर्ट’ (tracert, वाटेत कुठली यंत्रं लागतात ते ओळीने दाखवणारी आज्ञा) चालवा. पहिल्याच ओळीत तो पत्ता आला आणि काम संपलं, तर पत्ता तुमच्या राउटरवर आहे. दोन किंवा जास्त ओळी आल्या तर मध्ये आणखी एक नॅट (पत्ता बदलून पुढे पाठवणारा टप्पा) आहे. मात्र ८.८.८.८ ला ट्रेसर्ट लावून दुसऱ्या ओळीत १०चा पत्ता दिसला म्हणून ‘सीजीनॅट आहे’ असं ठरवू नये. ऑपरेटर आपल्या आतल्या जोडणीलाही खासगी पत्ते देतात. खरं काय ते वॅनचा पत्ताच सांगतो.

मुळात होतं काय

आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे फार आधी कळलं होतं. १९९४ साली नॅटची कल्पना मांडली गेली, १९९६ मध्ये १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे पट्टे कुणीही आपल्या घरात वापरावेत म्हणून राखून ठेवले. २०११च्या फेब्रुवारीत जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटून संपले, एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाची कोठीही शेवटच्या गठ्ठ्यावर आली. १००.६४चा पट्टा २०१२ मध्ये खास ऑपरेटरांच्या नॅटसाठी वेगळा काढला. भारतात घराघरात फायबर पोचलं ते त्यानंतर, त्यामुळे नव्या ऑपरेटरकडे वाटायला पत्ते थोडे आणि गिऱ्हाइकं फार.

आता एक जोडणी जवळून बघू. काउंटरवरचा कॉम्प्युटर १९२.१६८.१.२० बँकेची साइट उघडतो. तो आपल्या बाजूचं एक पोर्ट (त्या जोडणीचा दार-क्रमांक) घेतो, समजा ५१५४४, आणि बँकेच्या ४४३ पोर्टकडे पाकीट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पाठवतो. राउटर त्या पाकिटावरचा ‘पाठवणारा’ बदलतो. १९२.१६८.१.२० खोडून आपला वॅनचा पत्ता घालतो, ५१५४४ च्या जागी समजा ४००१२ घालतो आणि आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो: ४००१२ वर येईल ते १९२.१६८.१.२० च्या ५१५४४ ला. उत्तर येतं ते ४००१२ वर, राउटर तक्ता बघतो, पाकिटावरचा पत्ता परत बदलतो आणि आत सोडतो. शेजारच्या कॉम्प्युटरनेही योगायोगाने ५१५४४च घेतलं तर त्याला बाहेर ४००१३ मिळतं. एका पत्त्यावर पंधरा-वीस यंत्रं चालतात ती या तक्त्याच्या जोरावर.

तक्त्यातली नोंद आतून कुणी बाहेर गेलं तरच होते. कोल्हापुरातून मोबाईल जेव्हा दुकानाच्या पत्त्यावर पाकीट पाठवतो, तेव्हा आतून कुणी काही मागितलेलंच नसतं. नोंद नाही म्हणून राउटर ते पाकीट टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे ही नोंद आपल्या हाताने कायमची लिहून ठेवणं: ‘३७७७७ वर येईल ते डीव्हीआरला द्या’.

सीजीनॅटमध्ये हाच तक्ता ऑपरेटरकडे आणखी एकदा असतो. तुमचा वॅन १००.७२.१५.९ असेल, तर तुमच्या राउटरने ४००१२ करून पाठवलेलं पाकीट ऑपरेटरचं यंत्र पुन्हा बदलतं आणि नमुन्यादाखल २०३.०.११३.७ च्या १८२३० वरून बाहेर सोडतं. बाहेरून येणारं पाकीट आधी २०३.०.११३.७ वर पोचतं आणि तिथे तुम्ही कुठलीही नोंद लिहू शकत नाही. तुमच्या राउटरमधलं फॉरवर्डिंग शंभर टक्के बरोबर असतं, पाकीट तिथवर येतच नाही. डीडीएनएसही इथे निरुपयोगी. ते नाव त्या सामायिक पत्त्याकडे बोट दाखवतं आणि पाकीट ऑपरेटरच्या दारातच मरतं. यूपीएनपी (यंत्रांना राउटरमध्ये आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) चालू-बंद करून काही होत नाही, तेही तुमच्याच राउटरशी बोलतं.

वॅनवर १९२.१६८ आला तर: दोन राउटर

फायबरवाला जो डबा लावून जातो, तो ओएनटी स्वतःच राउटर असतो. वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून दुसरा राउटर आणला जातो आणि ओएनटीच्या लॅनमधून (आतल्या बाजूच्या भोकातून) वायर काढून त्याच्या वॅनमध्ये खोचली जाते. दोन तक्ते तयार. त्यात दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर कधी नेट चालतं, कधी चालत नाही, आणि ओएनटीचं पान उघडायला गेलं तर दुसऱ्याचंच उघडतं.

सोपा आणि टिकाऊ उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पसरवणारा डबा) करणं. मेनूमध्ये ‘एपी मोड’ असेल तर तो निवडा. नसेल तर हाताने करता येतं. आधी दुसऱ्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग त्यातलं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि ओएनटीकडून आलेली वायर वॅनमधून काढून लॅनच्या भोकात घाला. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी बंद करण्याआधी वायर लॅनमध्ये घातली तर दोघेही पत्ते वाटायला लागतात आणि अर्ध्या यंत्रांचं नेट जातं. एवढं झालं की पोर्ट फॉरवर्डिंग ओएनटीमध्येच करायचं.

दुसरा उपाय ओएनटीला ब्रिज मोडमध्ये टाकण्याचा, म्हणजे त्याने राउटरचं काम न करता जोडणी नुसती पुढे द्यायची. आपला राउटर चांगला असेल तर आम्ही हाच पसंत करतो. त्यासाठी ऑपरेटरकडून पीपीपीओईचं (ऑपरेटरकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (लाईनवरच्या कप्प्याचा) आकडा आधी हातात घ्या. हे तीन नसताना ब्रिज केलं तर नेट बंद पडून लाईनमनची वाट बघत बसावं लागतं. ओएनटीवर लँडलाईन असेल तर फक्त इंटरनेटची जोडणी ब्रिज करा, व्हॉइसची आहे तशी राहू द्या.

घरातलं दुहेरी नॅट काढल्यावर वॅनचा पत्ता पुन्हा बघायचा. बऱ्याच वेळा वरचा पापुद्रा निघाला की खाली सीजीनॅट दिसतं.

सीजीनॅट असेल तर

ऑपरेटरला फोन करताना ‘कॅमेरा दिसत नाही’ असं सांगू नका, तो माणूस कॅमेरा बघायला येईल. ‘माझ्या वॅनवर १००.७२ चा आयपी येतोय, मला पब्लिक आयपी पाहिजे, डायनॅमिक चालेल की स्टॅटिकच देता, महिन्याला किती?’ असं विचारा. काही ऑपरेटर मागितल्यावर सीजीनॅटमधून काढून डायनॅमिक (बदलता) सार्वजनिक पत्ता देतात, काही स्टॅटिकच (कायमचा) देतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. पैसे भरण्याआधी आणखी एक विचारून ठेवा: ‘आत येणारे कुठले पोर्ट बंद आहेत?’ २५, ८०, ४४३ असे ओळखीचे पोर्ट अनेक जण अडवतात. स्टॅटिक घेतल्यावरही वॅनवर खासगीच पत्ता दिसला तर लगेच भांडायला जाऊ नका. काही ठिकाणी सार्वजनिक पत्ता ऑपरेटर आपल्या यंत्रावर तुमच्या एकट्यासाठी बांधून देतो. वेबसाइटवर ठरलेला पत्ता दिसतो का आणि बाहेरून पोर्ट उघडतं का, एवढं बघा.

पैसे घालायचे नसतील तर डीव्हीआरच्या कंपनीची पीटूपी सेवा वापरा, क्यूआर कोड स्कॅन करून जोडतात तीच. तिच्यात डीव्हीआर आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवतो, म्हणजे नोंद आतूनच होते आणि सीजीनॅट आडवं येत नाही. चित्र थोडं उशिरा येतं, कारण थेट वाट सापडली नाही तर सगळा व्हिडिओ कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतो. चार कॅमेऱ्यांच्या दुकानाला आमच्या मते हे पुरतं.

टॅलीचं मशीन बाहेरून चालवायचं असेल, एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचा डीव्हीआर) मोठा असेल, तर टेलस्केल किंवा वायरगार्ड, या दोन व्हीपीएनपैकी एक घ्या. टेलस्केल दुकानातल्या कायम चालू असणाऱ्या एका कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर टाकायचं, दोन्हीकडे तेच खातं. त्या कॉम्प्युटरला ‘सबनेट राउटर’ करून १९२.१६८.१.० चा २४ बिटांचा पट्टा जाहीर केला की डीव्हीआर त्याच्या घरच्याच पत्त्यावर बाहेरून उघडतो. घरी आणि दुकानात दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर घरून दुकान सापडत नाही. एकीकडचा पट्टा बदलून १९२.१६८.५० सारखा करा. वायरगार्डला मात्र दोन्ही टोकांपैकी एकाला सार्वजनिक पत्ता लागतो. तो भाड्याच्या सर्व्हरवर घ्यायचा आणि दुकानाच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवायचा. हा २५ कशासाठी? नॅटच्या तक्त्यातली यूडीपीची (वायरगार्ड वापरतो त्या प्रकारच्या पाकिटांची) नोंद शांत पडली की पुसली जाते. ती दोन मिनिटांच्या आत पुसू नये असं मानकात लिहिलेलं आहे, पण काही यंत्रं ३० सेकंदांतच पुसतात. म्हणून त्याआधी एक चिमूटभर पाकीट पाठवत राहायचं.

आयपीव्ही६ मिळत असेल तर तो सगळ्यात स्वच्छ मार्ग, तिथे नॅटची गरजच नाही. पण डीव्हीआर, दुकानातलं नेट आणि बाहेरचा मोबाईल या तिघांकडेही आयपीव्ही६ हवं, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका यंत्रासाठी वाट उघडावी लागते, आणि पत्त्याचा पुढचा भाग बदलत असेल तर डीडीएनएसही आयपीव्ही६चं लागतं. जुन्या डीव्हीआरवर हे जमत नाही.

जांबोटी-कणकुंबीकडच्या शेतात फायबर नाही म्हणून सिमवाला फोरजी राउटर लावला असेल, तर तिथे जवळजवळ नेहमीच सीजीनॅट असतं. पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादाला लागूच नका, सरळ पीटूपी किंवा टेलस्केल.

पत्ते जुळतात, तरी दिसत नाही

सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक डीव्हीआरमधल्या गेटवेची, म्हणजे बाहेर जायच्या दाराच्या पत्त्याची. डीव्हीआरच्या नेटवर्क पानावर आयपी बरोबर असतो, गेटवेत मात्र कारखान्यातून आलेला पत्ता तसाच राहिलेला असतो. आतल्या आत गेटवे लागत नाही म्हणून वायफायवर सगळं दिसतं. बाहेरून आलेलं पाकीट डीव्हीआरपर्यंत पोचतंही, पण उत्तर कुणाच्या हाती द्यायचं हे त्याला माहीत नसतं. गेटवेमध्ये राउटरचा लॅन पत्ता घाला.

पोर्ट सगळे उघडले आहेत का ते बघा. हिकव्हिजनला ८०००, दाहुआला ३७७७७ हे मूळ सर्व्हर पोर्ट, वेब पानासाठी ८०, आरटीएसपीला (थेट व्हिडिओ प्रवाहाला) ५५४. ८० शक्यतो उघडूच नका: ते राउटर स्वतः वापरत असतो किंवा ऑपरेटरने अडवलेलं असतं.

तपासताना दुकानातल्या वायफायवरूनच दुकानाचा सार्वजनिक पत्ता टाकून बघू नका. आतून बाहेर जाऊन परत आत येणं अनेक राउटरांना जमत नाही, आणि चालू असलेलं फॉरवर्डिंगही बंद वाटतं. मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावरून तपासा.

आणि एक कळकळीचं सांगणं. डीव्हीआरचा पोर्ट उघडा टाकला की जगभरातून सतत कुलूप चाचपणारी यंत्रं काही तासांत तिथे पोचतात. सोपा पासवर्ड आणि कधीही अपडेट न केलेलं फर्मवेअर असेल तर दुकानाचे कॅमेरे परक्याच्या हातात जातात. सार्वजनिक पत्ता असला तरी शक्य तिथे व्हीपीएनमधूनच बघा.

लाईट जाऊन आली की बिघडतं

पावसाळ्यात खानापूर भागात हे रोजचं आहे, आणि कारणं तीन. राउटर नव्याने चालू झाला की डीएचसीपीने डीव्हीआरला शेवटी .१५ असलेल्या पत्त्याऐवजी .२२ चा दिला, फॉरवर्डिंग अजून .१५ कडेच बघतंय. राउटरच्या ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये डीव्हीआरचा मॅक पत्ता (यंत्राचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) घालून .१५ कायमचा बांधा. दुसरं, वॅनचा सार्वजनिक पत्ता बदलला आणि डीडीएनएसने नवा घेतला नाही. तिसरं, फॉरवर्डिंग केलं होतं पण ‘सेव्ह’ केलं नव्हतं. काही ओएनटींमध्ये ‘अप्लाय’ आणि ‘सेव्ह’ ही दोन वेगळी बटणं असतात.

लाईट आल्यावर पीपीपीओई जोडलंच जात नसेल तर घाईने चार वेळा स्विच मारू नका. ऑपरेटरकडे तुमची जुनी जोडणी अजून जिवंत दिसत असते. पाच मिनिटं बंद ठेवून एकदाच चालू करा. ओएनटीच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट-अँपिअर वाचून तेवढाच छोटा डीसी यूपीएस लावला तर अर्ध्या तक्रारी येतच नाहीत.

सीजीनॅटच्या इतर खुणा

हॉस्टेल, कॉम्प्युटर क्लास, मोठं ऑफिस अशा ठिकाणी संध्याकाळी उघडलेली पानं चालतात, नवीन उघडत नाहीत, स्पीड टेस्ट मात्र झकास. हिशेब करून बघा: एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट, पहिले १,०२४ सोडले तर ६४,५१२. ऑपरेटरने ६४ गिऱ्हाइकांत वाटले तर प्रत्येकी १,००८. साठ मोबाईल असले तर माणशी सोळा-सतरा, आणि एक बातम्यांचं पान एकाच वेळी तेवढ्या जोडण्या सहज उघडतं. टॉरेंट बंद करा, आयपीव्ही६ चालू करा, कारण ती वाहतूक या वाटणीतून जातच नाही. तरी भागलं नाही तर सार्वजनिक पत्ता घ्या.

वेबसाइटी वारंवार ‘तुम्ही यंत्र नाही ना’ विचारतात, कारण त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या कुणीतरी उपद्रव केलेला असतो. बेळगावात बसून साइटवर बेंगळुरू दिसतं, कारण पत्ता बाहेर पडतो तिथे त्याची नोंद. त्यात बिघाड काही नाही. आयपी फोनवर एकाच बाजूचा आवाज येत असेल तर राउटरमधलं ‘सिप एएलजी’ बंद करून बघा, ते पाकिटाच्या आतले पत्ते बदलायला जातं आणि बऱ्याचदा चुकीचे घालतं.

दुरुस्ती झाली असं म्हणण्याआधी मेन स्विच दहा मिनिटं बंद ठेवा, चालू करा, सगळं जुळू द्या, आणि वायफाय बंद करून मोबाईलच्या डेटावरून कॅमेरा उघडा. नाही उघडला तर पुन्हा वॅनचा पत्ता लिहून घ्या, सोबत तारीख आणि वेळ, आणि आधीच्या कागदाशी ताडून बघा.